नॉर्मलचा गठ्ठा

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली लाँड्री. दिवसभर इस्त्रीची वाफ खिडकीतून वर येते आणि खोलीभर घडी घातलेल्या कपड्यांचा वास पसरतो. घरमालकीणबाईंनी नळ कसा सोडायचा हे तीनदा समजावून सांगितलं. मी तीनदा मान डोलावली. तरी संध्याकाळी पाणी अंगावर उडालंच.

काम स्कॅन सेंटरमध्ये, रिपोर्ट टाइप करायचं. आईला फोन केला तर तिने आधी तब्येतीची चौकशी केली आणि मग हसू दाबलं. मला ते ऐकू आलं. आमच्या घरात माझी तब्येत हा विनोदाचा विषय आहे. ताईच्या लग्नात ऐन जेवणाच्या वेळी मला हार्टअटॅक आला होता. पंगत थांबली, डॉक्टर आले, आणि निघाला गॅस. तेव्हापासून मला घरात सगळे 'सलाइन' म्हणतात. मला स्कॅन सेंटरमध्ये नोकरी लागली म्हटल्यावर ताई म्हणाली, हे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मीही हसलो. यंदा पस्तिसावं लागलं. आता शहाणं व्हायचं ठरवलंय, म्हणून ही वही. रोज जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच लिहीन.

गुरुवार, ६

काम आवडलं. टायपिंगच्या खोलीत आम्ही दोघंच, मी आणि काकू. काकू बावीस वर्षं इथे आहेत. त्यांची बोटं चालू असताना तोंडही चालू असतं आणि दोन्हींत चूक नसते.

पद्धत अशी. डॉक्टर आपल्या खोलीत बसून स्कॅन बघतात आणि जे दिसेल ते रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे येतं. त्यावर फक्त नंबर. पेशंटचं नाव आम्हाला कळत नाही, ते पुढच्या काउंटरवर छापताना चढतं. सम नंबर काकूंचे, विषम माझे. हेडफोन लावायचा, ऐकायचं, टाइप करायचं. प्रत्येक वेळी नव्याने काही लिहायचं नाही. आमच्याकडे 'नॉर्मल'चा साचा तयार असतो, सगळं ठीक आहे असं सांगणारा अख्खा रिपोर्ट. तो उघडायचा आणि डॉक्टर जे वेगळं सांगतील तेवढं बदलायचं. शंभरातल्या सत्तर जणांचं काहीच बदलावं लागत नाही.

मग दोन गठ्ठे. नॉर्मलचा वेगळा. ज्यात काही निघालं ते लाल ट्रेमध्ये. लाल ट्रेमधला प्रत्येक कागद डॉक्टर पुन्हा वाचतात आणि काकू त्या पेशंटच्या डॉक्टरला स्वतः फोन करतात. नॉर्मलच्या गठ्ठ्यावर डॉक्टर नुसत्या सह्या मारत जातात. सत्तरी उलटलीय त्यांची, मान हलते, पण सही एकसारखी. वाचत बसलो तर इथेच राहायला यावं लागेल, म्हणतात. काकूंच्या हातच्या कागदावर त्यांचा डोळे मिटून विश्वास आहे. आता माझ्याही.

बुधवार, १२

हसू येतंय पण लिहून ठेवतो. सोमवारी मूत्रपिंडाचे रिपोर्ट केले, संध्याकाळी माझी कंबर धरली. काल यकृत, तर उजव्या बरगडीखाली जड. आज सकाळी एका गुडघ्याचा केला आणि जिना उतरताना कठडा धरला. काकूंना सांगितलं तर त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. म्हणाल्या, इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिले तीन महिने सगळे रोग होतात, त्यांना स्वतःला तर प्रोस्टेटसुद्धा झालं होतं.

मलाही खूप हसू आलं. बरं वाटलं.

मंगळवार, १८

डाव्या कानात आवाज येतोय. फ्रिजचा येतो तसा, बारीक, सतत. चार दिवस झाले. हेडफोनमुळे असेल म्हणून रविवारी दिवसभर तो लावलाच नाही. तरी होता.

शब्दही अडकतात. काल 'पाकीट' आठवेना. काकू म्हणतात त्यांना तर नवऱ्याचं नाव आठवत नाही, आणि ते बरंच आहे. मी हसलो, पण त्याच वेळी जीभ हळूच ओठांशी आणून ती सरळ बाहेर येते का ते बघत होतो. आरशात तर दिवसातून दहा वेळा. संडासातही मोबाइलच्या काचेत. किती लाज वाटते हे लिहिताना.

घरी सांगणार नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय. पुन्हा काही नाही निघालं तर पुढची वीस वर्षं 'सलाइन'. आणि निघालं तर — नको.

स्टाफला स्कॅन फुकट असतं. उद्या काकूंना विचारतो.

शुक्रवार, २१

झालं. डोक्याचा स्कॅन.

काकूंनी मशीनवाल्या भाऊंकडे शब्द टाकला. भाऊंनी एका चिठ्ठीवर ४१७ लिहून दिलं आणि बाकावर बसायला सांगितलं. आत पिशवीसारखा झगा घालून बसायचं असतं. शेजारी एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, त्याही झग्यात. माझा पाय हलत होता. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघून विचारलं की शिवणाचं मशीन कुठल्या कंपनीचं. मला हसायला आलं. मी इथेच रिपोर्ट टाइप करतो, असं सांगितलं. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, चौकातल्या बँकेच्या बाजूला. तीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात. म्हणाल्या, तो तक्ता झोपेतही पाठ आहे, पण हल्ली अक्षर समोर दिसतं आणि त्याचं नाव ओठावर येत नाही. दुकानात मदतीला असलेली भाची म्हणते वय झालं. त्यांचं म्हणणं, वय झालंय हे डॉक्टरने सांगावं, भाचीने नाही.

माझं घड्याळ आणि चष्म्याच्या — नाही, मला चष्मा नाही. घड्याळ आणि पाकीट त्यांनी सांभाळलं. मी आत गेलो. भट्टीत घालावं तसं आत सरकवतात. बाहेर आलो तेव्हा त्यांनी घड्याळ परत दिलं आणि म्हणाल्या, आतून जिवंत आलात, म्हणजे मलाही जायला हरकत नाही.

काकू म्हणाल्या, स्वतःचा रिपोर्ट स्वतः टाइप करायचा नाही, हा इथला नियम आहे. तुझा आला की मी घेईन.

शनिवार, २२

डॉक्टर भाच्याच्या घरी गेलेत, मंगळवारी येणार. तोवर एकही डोकं बघितलं जाणार नाही.

आज सोळा वेळा नाडी मोजली. डोळे मिटून नाकाला बोट लावलं, दोन्ही हातांनी. एकदा चुकलं. मग पन्नास वेळा करून पाहिलं. एकदाच चुकलं होतं. घरमालकीणबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि मी एका पायावर उभा होतो. त्यांनी काही विचारलं नाही, याचीच जास्त लाज वाटली.

सोमवार, २४

आईचा फोन. कसा आहेस. मी म्हटलं ठणठणीत. ती म्हणाली, खरंच सुधारलास हो. ताईलाही फोनवर घेऊन सांगितलं, सलाइन सुधारलाय म्हणून.

मंगळवार, २५

आले.

साडेअकराला रेकॉर्डिंगची यादी उघडली. चारशे अकरापासून पुढे. ४१७ विषम, म्हणून माझ्याच यादीत. नियमाप्रमाणे मी तो काकूंना द्यायला हवा होता. काकू समोरच बसल्या होत्या, लिमलेटची गोळी चघळत.

मी हेडफोन लावला.

डॉक्टरांचा आवाज नेहमीचाच, पेंगुळलेला. नंबर चारशे सतरा. डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, बावीस मिलिमीटरची गाठ. भोवती सूज. ताबडतोब मेंदूच्या सर्जनला दाखवावं.

तीन वेळा ऐकलं. मला पहिला विचार मरणाचा आला नाही. पहिला विचार असा आला की आता हे टाइप करून लाल ट्रेमध्ये ठेवलं की काकू वाचतील, भाऊंना कळेल, काउंटरवरच्या मुलीला कळेल, आई येईल, आणि सगळे माझ्याकडे तोंड पाडून बघतील. आयुष्यभर उगाच रडलो, आणि आता खरं रडायचं तर त्याचीच लाज वाटत होती.

साचा उघडला. काही बदललं नाही. ४१७ नंबर टाकला आणि नॉर्मलच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला.

चार दिवस फक्त. मन जरा घट्ट झालं की मीच जाऊन डॉक्टरांना सांगणार आहे. माझंच डोकं आहे. यात दुसऱ्या कुणाचं काय जातं?

चारला सह्या झाल्या.

बुधवार, २६

काकूंनी माझ्या रिपोर्टचं काहीच विचारलं नाही. बरं झालं.

विचित्र आहे, पण शांत वाटतंय. आज एकदाही नाडी मोजली नाही. खालच्या लाँड्रीवाल्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. माणसाला खरोखर काही झालं की भीती संपते की काय, कोण जाणे. आईला एक लांब पत्र लिहायला घेतलं. त्यात मी फार शूर आहे.

शुक्रवार, २८

सगळं लिहायचं आहे. एकही गोष्ट गाळायची नाही.

जेवण झाल्यावर काकूंनी माझ्या टेबलावर एक कागद आपटला आणि म्हणाल्या, घ्या, तुमचं डोकं, आत काहीही नाही, आम्हाला शंका होतीच. भाऊ दारात उभे होते, तेही हसले. कागदावर 'स्टाफ ३' लिहिलं होतं आणि खाली माझं नाव. सगळं नॉर्मल.

मी विचारलं, माझा नंबर तर ४१७ ना. भाऊ म्हणाले, स्टाफला नंबर नसतोच. स्टाफ पावती करत नाही, मग नंबर कुठून येणार. ज्या पेशंटच्या आधी घुसवायचं, त्याचा नंबर आम्ही चिठ्ठीवर लिहितो, म्हणजे काउंटरवर गोंधळ होत नाही. ४१७ ती तुझ्यामागची बाई. इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणाले. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

आता जे लिहायचं ते. मला आनंद झाला. आधी आनंदच झाला. पोटातून वर आला, मी काकूंचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आलं. माझं नाही, माझं नाही. मिनिटभर तरी मी फक्त एवढंच म्हणत होतो. मग ते कुणाचं आहे ते आठवलं.

काउंटरवर विचारलं. ४१७ चा रिपोर्ट बुधवारीच नेला. स्वतः आल्या होत्या, फार खूश होत्या म्हणे.

शनिवार, २९

सांगितलं नाही.

सकाळी काकूंसमोर दोनदा तोंड उघडलं. काय सांगणार? चुकून झालं म्हणावं तर चुकून नव्हतं. मुद्दाम केलं, पण स्वतःसाठी केलं — हे कोणत्या तोंडाने सांगायचं? नोकरी जाईल, पोलीस येतील. पण ती खरी अडचण नाहीच. खरी अडचण ही की सगळ्यांना कळेल मी कसा आहे.

सोमवारी त्यांच्या दुकानात जातो. थेट त्यांनाच सांगतो.

सोमवार, १ तारीख

गेलो. त्यांनी लगेच ओळखलं. शिवणाचं मशीन आलं, म्हणाल्या. काही बोलायच्या आत मला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली आणि एकेक काच घालू लागल्या. भिंतीवर तक्ता. मी अक्षरं वाचत होतो. त्या काठी एका अक्षरावर ठेवून थांबल्या. बराच वेळ. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, बघा, हे असं होतं, पण आता काळजी नाही, रिपोर्ट स्वच्छ आला, आमच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्यात. भाचीचंच खरं निघालं. वय झालं.

मग विचारलं, रिपोर्ट तुमच्याच हातचा ना? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिने झोप नव्हती म्हणाल्या, त्या रात्री झोपले.

फ्रेम नाकावर होती. मी पुढची ओळ वाचून दाखवली.

मी चष्मा घेतला. माझे डोळे उत्तम आहेत. त्यांनी अगदी थोडा नंबर काढून दिला, माझ्या समाधानासाठी. गुरुवारी मिळेल.

मंगळवार, २

आज ठरवून आलो. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं, खरा रिपोर्ट टाइप करायचा, लाल ट्रेमध्ये ठेवायचा. चूक सापडली म्हणायचं. एवढंच.

४१७ उघडलं. डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, सत्तावीस मिलिमीटरची गाठ.

बावीस होती. इथे पंचवीस तारखेच्या पानावर मी बावीस लिहिलंय. फाइल पाहिली. तारीख तीच, वेळ तीच, कुणी हात लावलेला नाही. पुन्हा ऐकलं. सत्तावीस. तोच पेंगुळलेला आवाज, तीच मध्ये खुर्ची करकरल्याची जागा.

काकूंना हेडफोन दिला. त्यांनी कानाला लावला आणि म्हणाल्या, काहीच नाही रे, नुसती खरखर. नंबर बघायच्या आत मी तो काढून घेतला.

टाइप केलं नाही. आकडा कोणता घालू?

बुधवार, ३

एकतीस.

गुरुवार, ४

पस्तीस. सकाळी. जेवणानंतर छत्तीस.

आणि आता दुसऱ्या फाइलींमध्येही. ४६३ हे एका खांद्याचं आहे. डॉक्टर खांद्याबद्दल बोलतात, श्वास घेतात, आणि त्या श्वासाच्या जागी हळूच — चारशे सतरा. पुढे पुन्हा खांदा. ४६५, गुडघा. तेच. काकूंच्या यादीत नाही. फक्त माझ्या.

चष्मा आणायला गेलो. त्यांनी डबी पुढे केली आणि मला काय म्हणायचं होतं ते विसरल्या. 'हे' म्हणाल्या. हे, हे घ्या. तोंडाच्या डाव्या कडेने — उजव्या. उजव्या कडेने जरा लाळ होती. भाची मागे बिलं लावत होती. मी भाचीला म्हणालो — चष्मा छान आहे म्हणालो.

मी माणूस आहे का?

शुक्रवार, ५. सकाळी

एकेचाळीस. पुढे नवीन वाक्य आहे. आधी नव्हतं. 'टाइप करणारा बसून आहे.' डॉक्टरांच्याच आवाजात. 'हात की-बोर्डवर. हालचाल नाही.'

हेडफोन काढून ठेवला.

शुक्रवार, साडेबारा

आणलं त्यांना. दुकानात झटका आला, फिट. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवता चढवता. भाची रडत होती, हातात माझा रिपोर्ट. प्लॅस्टिकमध्ये जपून घातलेला.

डॉक्टर आज सह्यांसाठी आलेच होते. लगेच स्कॅन केला. भाऊ बाहेर येऊन म्हणाले, केवढी मोठी, एकेचाळीस मिलिमीटर.

एकेचाळीस.

पाऊण

डॉक्टरांनी जुना स्कॅन काढून बघितला. गाठ तेव्हाही होती. बावीसची. ढळढळीत. मग रिपोर्ट बघितला, नॉर्मल, खाली स्वतःची सही.

ते आमच्या खोलीत आले. काकूंच्या शेजारी बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, मला दिसलीच नाही गं. एवढी मोठी, आणि दिसली नाही. वय झालं माझं. आजपासून बंद करतो. आणि मग म्हणाले, पण मी काय बोललो होतो ते एकदा ऐकव, म्हणजे माझी खात्री होईल.

काकू ४१७ शोधताहेत. विषम आहे, माझ्याकडे असेल म्हणाल्या. मी म्हटलं बघतो.

इथे आहे. माझ्या समोर. एक बटण दाबलं की सगळं कळेल, त्यांनी पाहिली होती, सांगितली होती. त्यांची मान पुन्हा वर होईल.

दुसरं बटण दाबलं की —

बाई बाहेर स्ट्रेचरवर आहेत. दार उघडं आहे. मला त्यांचे पाय दिसतात.

एक वाजता

पुसली.

सापडत नाही म्हणालो. जुन्या फाइली आपोआप उडतात म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू नको वाईट वाटून घेऊ बाळ, चूक माझी.

गाडीत घातलं बाईंना. गेली गाडी.

पुन्हा आनंद झाला. थोडा. लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

सव्वा

हेडफोन हुकाला टांगलेला आहे. वायर काढली आहे. तरी आतून आवाज येतोय. लहान, पण स्वच्छ.

नंबर चारशे सतरा. डाव्या बाजूला. बावीस मिलिमीटर. ताबडतोब —

मग थांबतो. मग तारीख. मग वेळ. मग, टाइप करणारा, आणि माझं नाव. पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

पुन्हा पहिल्यापासून. जरा मोठ्याने.

डॉक्टर अजून इथेच आहेत, खिडकीपाशी, पाठमोरे. काकू टाइप करताहेत. करत होत्या. बोटं थांबली. त्यांनी हेडफोन काढला, हातात धरून त्याच्याकडे बघताहेत. आता माझ्याकडे. डॉक्टरही वळले. मी म्हणतोय खरखर आहे, नुसती खर —